पडलें कीं पाडलें? : इंग्रजी भूतकाळांतील जुळ्या शब्दांविषयीं

(आकाशवाणीवरून झालेलें भाषण)



आज आपणांपुढें व्याकरणाचा विषय घेऊन मी येत आहें, हें ऐकतांच कित्येकांचा हात यंत्राच्या कळीकडे जाईल, याची मला जाणीव आहे. व्याकरण म्हटलें कीं फळा, छडी आणि पाठांतर आठवतें. त्यांतहि तें इंग्रजीचें असेल तर विचारावयासच नको. परंतु शाळेंतला धडा पुन्हां गिरवून घेण्याचा माझा हेतु नाहीं. इंग्रजी क्रियापदांच्या भूतकाळाचीं कांहीं रूपें अशीं आहेत कीं, तीं कानाला जवळजवळ सारखीं लागतात, परंतु अर्थानें एकमेकांपासून फार दूर असतात. त्यांची गल्लत झाली तर परीक्षेंत एखादा गुण जाईल, एवढेंच आपण धरून चालतों. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत मात्र या गल्लतीनें कागदावर साक्षीदाराचा आरोपी होऊं शकतो, आणि ज्याचें पीक पाण्यावांचून वाळलें त्याच्याच अर्जांत भरपूर पाऊस पडूं शकतो. म्हणून हा प्रश्न गुणपत्रिकेचा नसून व्यवहाराचा आहे, असें मी समजतों.

प्रथम प्रदेशाविषयीं दोन शब्द सांगतों. आज ज्यास आपण चंद्रपूर म्हणतों त्या जिल्ह्याचें नांव १९६४ सालापर्यंत चांदा असें होतें. त्याच जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. गडचिरोलीची दोनतृतीयांशाहून अधिक भूमि आजहि वनाच्छादित आहे. येथल्या मुलाच्या घरीं कोठें मराठी बोलतात, कोठें गोंडी, कोठें माडिया, आणि खालीं सिरोंच्याकडे तेलुगु. म्हणजे इंग्रजी ही त्याची पुष्कळदां दुसरी नव्हे तर तिसरी भाषा असते. परंतु ज्या कायद्याशीं त्याच्या अंगणाबाहेरचा साग, बांबू आणि मोहाचें फूल बांधलेलें आहे, तो १९२७ सालचा भारतीय वन अधिनियम मूळ इंग्रजींत लिहिलेला आहे. तालुक्याच्या न्यायालयांत मराठी चालते. पण प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें कीं मराठी पंचनामा, मराठी जबानी, गांवच्या ठरावाची नक्कल, सर्व कांहीं इंग्रजींत उतरवावें लागतें. त्या उतरविण्यांत एखादें क्रियापद घसरलें तर काय होतें, तें आपण क्रमानें पाहूं.

पडणें यास इंग्रजींत 'फॉल' म्हणतात. त्याचा भूतकाळ 'फेल'. आतां पाडणें, म्हणजे कुऱ्हाड घालून झाड आडवें करणें, यास वर्तमानकाळींच 'फेल' म्हणतात आणि त्याचा भूतकाळ 'फेल्ड' होतो. मौज अशी कीं, एका क्रियापदाचा जो भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. 'द ट्री फेल' म्हणजे झाड पडलें. 'ही फेल्ड द ट्री' म्हणजे त्यानें झाड पाडलें. भरभर बोलतांना शेवटचा 'ड' पुढच्या शब्दांत विरून जातो आणि ऐकणाऱ्याच्या कानीं दोन्ही ठिकाणीं केवळ 'फेल' येतें. एका विद्यार्थ्यानें निबंधांत लिहिलें होतें, 'माय फादर फेल्ड इन द वेल'. बिचाऱ्याचे वडील विहिरींत पडले होते. वाक्यानें मात्र त्यांना विहिरींत उतरून वृक्षतोड करावयास लाविलें!

हें हंसण्यावारीं नेण्याजोगें आहे. परंतु वनाच्या कायद्यांत हे दोन शब्द शेजारीं शेजारीं बसलेले आहेत, तेथें हंसूं येत नाहीं. १९२७ च्या अधिनियमांत इमारती लाकडाची जी व्याख्या आहे, तींत आपोआप पडलेलीं झाडें आणि पाडलेलीं झाडें, अशा दोन्हींचा स्वतंत्र शब्दांनीं उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांस ठाऊक होतें कीं पडणें वेगळें आणि पाडणें वेगळें. म्हणून त्यांनीं दोन्ही शब्द घातले. पुढें राखीव वनांतील अपराध सांगतांना, त्याच कायद्याच्या २६ व्या कलमांत, झाड पाडणें हा अपराध म्हटला आहे. झाड पडणें हा अर्थातच अपराध नाहीं. वाऱ्यावर खटला भरतां येत नाहीं. पडलेलें लाकूड उचलून नेणें हा पुन्हां निराळा प्रश्न आहे, आणि त्यासाठीं निराळा शब्द योजलेला आहे. महाराष्ट्राचा १९६४ सालचा वृक्षतोडीच्या नियमनाचा जो कायदा आहे, त्याच्या इंग्रजी नांवांतच 'फेलिंग' हा शब्द आहे. 'फेलिंग' म्हणजे पाडणें आणि 'फॉलिंग' म्हणजे पडणें. इंग्रजी लिपींत दोहोंमध्यें एका अक्षराचाच फरक!

आतां अशी कल्पना करा कीं, वैशाखांत वादळ झालें आणि एका शेतकऱ्याच्या बांधाला लागून असलेला जुना साग रात्रींतून कोसळला. सकाळीं त्यानें प्रामाणिकपणें जाऊन वर्दी दिली, "साहेब, झाड पडलें." त्याच्या जबानीचें इंग्रजी करणाऱ्यानें घाईंत 'फेल' च्या पुढें दोन अक्षरें अधिक लिहिलीं आणि वाक्य पुरें करण्यासाठीं एक 'ही' मागें लाविला. झालें! वाऱ्याचें काम शेतकऱ्याच्या माथीं बसलें. पुढें महिनोन् महिने त्यानें कितीहि सांगितलें तरी कागद म्हणणार, तूंच कबूल केलेंस कीं पाडलें. निरक्षर माणसाच्या तोंडचें वाक्य दुसऱ्याच्या लेखणींतून जातें, तेव्हां त्या लेखणीवर केवढा भार असतो, याचा विचार लिहिणारानें केला पाहिजे.

या कोड्याची किल्ली कोठें आहे, म्हणाल तर ती आपल्याच घरांत आहे. मराठींत 'पडणें' यांतील पहिलें अक्षर दीर्घ केलें कीं 'पाडणें' होतें. मरणें आणि मारणें, तरणें आणि तारणें, गळणें आणि गाळणें, टळणें आणि टाळणें, चरणें आणि चारणें, हीं सर्व जोडपीं याच घडणीचीं आहेत. पहिलें आपोआप घडतें. दुसरें कोणीतरी घडवितो. संस्कृतांत 'पतति' म्हणजे पडतो आणि 'पातयति' म्हणजे पाडतो. इंग्रजीच्या पूर्वजांनींहि हेंच केलें होतें. क्रियापदाला प्रेरक प्रत्यय लावून त्यांनीं दुसरें क्रियापद बनविलें; कालांतरानें प्रत्यय झिजून गेला, पण जातां जातां आंतला स्वर बदलून गेला. फॉल पासून फेल, लाय पासून ले, सिट पासून सेट, अशीं हीं जोडपीं झालीं. जर्मन भाषेंत आजहि पडण्यास 'फालन' आणि पाडण्यास 'फेलन' म्हणतात. सर विल्यम जोन्स यांनीं २ फेब्रुवारी १७८६ रोजीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें भाषण करून संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमापासून निघाल्या असाव्यात, असें मत मांडलें. इंग्रजी ज्या शाखेची आहे ती शाखाहि त्याच कुळांतली. तेव्हां आपलें पडणें-पाडणें आणि इंग्रजांचें फॉल-फेल हीं दूरचीं कां होईनात, पण भावंडें आहेत.

मग मराठी मुलगा चुकतो कां? तो चुकतो भूतकाळांत. मराठींत भूतकाळ झाला तरी दोन्ही रूपें आपापल्या जागीं राहतात: पडलें, पाडलें. शिवाय पाडण्याच्या वाक्यांत कर्त्याला 'नें' हा प्रत्यय लागतो. 'झाड पडलें' यांत 'नें' नाहीं. 'त्यानें झाड पाडलें' यांत तो आहे. म्हणजे कोणी केलें, हें आपली भाषा कर्त्याच्याच अंगावर ठळकपणें लिहून ठेवते. इंग्रजींत तसा प्रत्यय नाहीं. तेथें क्रियापदाच्या शेपटीचा एक 'ड' आणि शब्दांचा क्रम, एवढ्यावर सर्व भिस्त असते. तो 'ड' हरवला, किंवा उगाच आला, कीं कर्ता बदलला.

याच 'फेल' चें आणखी एक सोंग पहा. नापास होणें किंवा निष्फळ होणें यासहि इंग्रजींत जो शब्द आहे तो आपण देवनागरींत 'फेल' असाच लिहितों. मुळांत त्याचा 'फे' लांबट आहे. म्हणून आजच्यापुरता मी तो 'फेऽल' असा म्हणतों. आपल्या कानाला हा लांब-आंखूड भेद चटकन् जाणवत नाहीं, कारण मराठींत 'ए' एकच. आतां भाताच्या शेतकऱ्याकडे चला. 'द रेन्स फेल' म्हणजे पाऊस पडला. 'द रेन्स फेऽल्ड' म्हणजे पावसानें दगा दिला. देवनागरींत लिहितांना पहिला 'फेल' आणि दुसरा 'फेल्ड', एवढाच फरक. पण एकांत बांधी भरलेली आहे आणि दुसऱ्यांत रोवणी खोळंबलेली आहे. आमच्या पूर्वेकडील तालुक्यांत भात हेंच मुख्य पीक. श्रावणांत पंधरा दिवस आभाळ कोरडें गेलें कीं घरांतली चूल मंदावते. अशा वेळीं मदतीच्या अर्जांत 'पाऊस पडला' असें जाऊन बसलें, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा तरी काय दोष?

आतां दुसरें कुटुंब घेऊं. तें याहून भांडखोर आहे. 'लाय' म्हणजे निजणें, पडून असणें; त्याचा भूतकाळ 'ले'. 'ले' म्हणजे ठेवणें, घालणें; त्याचा भूतकाळ 'लेड'. आणि तिसरें 'लाय' म्हणजे खोटें बोलणें. त्याचा भूतकाळ 'लाइड'. येथेंहि पहिल्याचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ झाला आहे. कोंबडीनें अंडें घातलें, याला 'लेड' पाहिजे. तेथें 'ले' म्हटलें तर कोंबडी नुसतीच पडून राहिली, अंड्याचा पत्ता नाहीं! गोंदियाहून चांदाफोर्टला जाणारा लोहमार्ग पूर्वीं अरुंद रुळांचा होता. पुढें रुंद रूळ घातले गेले. तेथें 'लेड'. वैनगंगेच्या कांठीं मार्कंड्याचीं प्राचीन देवळें शतकानुशतकें अरण्याच्या छायेंत पडून होतीं, तेथें 'ले'. पहिल्या वाक्यांत रूळ घालणारे हात आहेत; दुसऱ्यांत कोणाचेच हात नाहींत.

परंतु खरा घोटाळा तिसऱ्याचा. वाघानें झडप घातलेल्या माणसाविषयीं एखादा साक्षीदार सांगतो कीं, "तो मोहाच्या झाडाखालीं पडून होता." याचें इंग्रजी 'ही ले अंडर द ट्री' असें व्हावयास पाहिजे. नियमानें भूतकाळ करण्याच्या संवयीनें कोणी 'ही लाइड अंडर द ट्री' असें लिहिलें, तर त्याचा अर्थ, तो झाडाखालीं खोटें बोलला! ज्या जिल्ह्यांत ताडोबासारखें व्याघ्र-अरण्य आहे, ज्या ताडोबाला १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून आणि १९९५ सालीं व्याघ्रप्रकल्प म्हणून मान मिळाला, तेथें असे प्रसंग पुस्तकी नाहींत. वाघाच्या हल्ल्यांत घरचा कर्ता गेला कीं त्या घराला भरपाईसाठीं कागद करावे लागतात. त्या कागदांत मेलेल्या माणसाला कोणी खोटारडा ठरवूं नये, एवढी काळजी तरी आपण घ्यावयास नको काय?

वाघाचा विषय निघाला म्हणून एक जोडी घाईनें सांगून टाकतों. जखमी करणें याचा भूतकाळ 'वूंडेड'. वळसे घेणें याचा भूतकाळ 'वाउंड'. इंग्रजी लिपींत जखम आणि वळसे घेतले, हे दोन्ही शब्द अक्षरशः एकच. उच्चार मात्र भिन्न. वैनगंगेनें वळसे घेतले आणि वाघानें जखम केली, हा भेद तेथें डोळ्यांनीं नव्हे, संदर्भानें ओळखावा लागतो.

तिसरें घराणें शोधण्याचें. 'फाइंड' म्हणजे सांपडणें किंवा शोधून काढणें. त्याचा भूतकाळ 'फाउंड'. आणि 'फाउंड' म्हणजे स्थापणें. त्याचा भूतकाळ 'फाउंडेड'. याचें उदाहरण आमच्या चंद्रपूरच्या दंतकथेंतच तयार आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गांठी उठल्या होत्या. बल्लारपुराहून शिकारीस निघालेला हा राजा तहानेला होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्राशीं आला. तेथें त्यास एका खळग्यांत पाणी सांपडलें. तें पिऊन त्यानें हातपाय आणि तोंड धुतलें, आणि गांठी मावळल्या, असें सांगतात. ती जागा आज अचलेश्वराच्या देवळाची म्हणून दाखवितात. पुढें राणीच्या सल्ल्यानें त्यानें तेथें नगर वसविलें. आतां इंग्रजींत बोलावयाचें तर, राजानें पाणी 'फाउंड' आणि नगर 'फाउंडेड'. पाणी होतेंच, तें त्यास मिळालें. नगर नव्हतें, तें त्यानें उभें केलें. दोन अक्षरांच्या शेपटीनें नशीब आणि कर्तृत्व यांतला भेद दाखविला.

याच्या उलट दुसरें उदाहरण नागभीड तालुक्यांतील नांदेड या गांवचे दादाजी खोब्रागडे यांचें. १९८३ सालीं त्यांना आपल्या धानाच्या शेतांत कांहीं वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या त्यांनीं जपून ठेविल्या, वर्षानुवर्षें निवडून वाढविल्या, आणि पुढें एचएमटी या नांवानें तें वाण गांवोगांवीं पसरलें. लोंबी सांपडली, म्हणजे 'फाउंड'. परंतु सांपडणें हें त्यांच्या कामाचें केवळ पहिलें पाऊल. पुढील वर्षांचे श्रम सांगण्यास दुसरीं क्रियापदें योजावीं लागतात. ज्यानें घडविलें त्यास केवळ सांपडलें असें म्हणणें, हाहि एक अन्यायच आहे.

आणि या घराण्याला लागूनच एक शेजारी राहतो, तो फार धोक्याचा. 'फाइन' म्हणजे दंड करणें. त्याचा भूतकाळ 'फाइन्ड'. उच्चारानें हा आणि सांपडण्याचा 'फाइंड' एकच. 'दे फाइन्ड हिम' म्हणजे त्यांनीं त्याला दंड केला. 'दे फाइंड हिम' म्हणजे तो त्यांना सांपडतो. ऐकून लिहिणाऱ्यानें एकाच्या जागीं दुसरा लिहिला, तर भरलेला दंड कागदावरून नाहींसा होतो. आणि भरल्याचा पुरावा मागितला कीं गरिबाची पंचाईत होते.

आतां साक्षीदार आणि आरोपी यांची जी गोष्ट मीं आरंभीं म्हटली तीकडे येतों. 'सी' म्हणजे पाहणें, भूतकाळ 'सॉ'. 'सॉ' म्हणजे करवतीनें कापणें, भूतकाळ 'सॉड'. बल्लारपूरचा लाकूड-आगार आणि आलापल्लीचा साग हीं नांवें महाराष्ट्रांत ठाऊक नाहींत असा सुतार विरळा. अशा मुलखांत 'ही सॉ द लॉग' म्हणजे त्यानें ओंडका पाहिला, आणि 'ही सॉड द लॉग' म्हणजे त्यानें ओंडका कापला. पहिला माणूस साक्षीदार. दुसरा, परवाना नसेल तर, आरोपी. दोघांमध्यें एका 'ड' ची भिंत!

तशीच जोडी आणणें आणि विकत घेणें यांची. आणणें याचा भूतकाळ 'ब्रॉट', विकत घेणें याचा 'बॉट'. पुष्कळ मुलांच्या उच्चारांत मधला 'र' गळतो. वनोपज म्हणजे काय, हें सांगतांना १९२७ चा कायदा वनांत सांपडलेली किंवा वनांतून आणलेली वस्तु, असे शब्द वापरतो. कांहीं वस्तु वनांतून आणल्या तरच वनोपज ठरतात. कांहीं, जसें इमारती लाकूड, कोळसा, लाख, मोहाचीं फुलें आणि बिया, कोठूनहि आणल्या तरी वनोपजच. म्हणजे 'आणलें' या एका शब्दावर पुढचा सारा निर्णय. एखादी बाई बाजारांतून विकत घेतलेल्या टोपलीविषयीं 'बॉट' म्हणावयाचें तेथें 'ब्रॉट' म्हणून गेली, तर टोपली कोठून आणली, हा प्रश्न तिच्यामागें लागलाच.

शब्दांच्या अर्थावर गांवाचें भवितव्य कसें टांगलेलें असतें, याचें एक ठळक उदाहरण बांबूचें. वनस्पतिशास्त्राप्रमाणें बांबू हें गवत आहे. परंतु १९२७ च्या कायद्यानें 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येंत बांबूलाहि बसविलें होतें. त्यामुळें बांबू कापणें हें कायद्याच्या भाषेंत झाड पाडणें ठरत असे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें बांबू गौण वनोपजांत घातला. गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांतील मेंढा या लहानशा गोंड गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाले, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेच्या हातीं आला. पुढें २०१७ च्या दुरुस्तीनें वन अधिनियमांतील वृक्षाच्या व्याख्येंतून बांबू वगळण्यांत आला. नव्वद वर्षें जें 'पाडणें' होतें तें 'कापणें' झालें. बांबू तोच, कोयता तोच. बदलला तो शब्द.

एक जोडी अशी आहे कीं, तिचा उच्चार अगदीं सारखा नाहीं, पण ती सोडून मला पुढें जाववत नाहीं. 'हँग' म्हणजे टांगणें. वस्तु टांगली तर भूतकाळ 'हंग'; माणसाला फांशीं दिलें तर 'हँग्ड'. १८५७ च्या उठावाच्या काळांत मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं गोंड तरुणांची फौज उभारून इंग्रजांशीं सामना दिला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यांना फांशीं देण्यांत आलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें. या वीराविषयीं इंग्रजींत लिहितांना 'हंग' हा शब्द वापरलेला पाहिला कीं मनाला लागतें. खुंटीवर अंगरखा टांगतात. माणसाला टांगीत नाहींत. इंग्रजी भाषेनेंच मरणाऱ्याला हा वेगळा शब्द देऊन ठेविला आहे. तेवढा मान आपण कां काढून घ्यावा?

याखेरीज ज्यांचा उच्चार तंतोतंत एकच, अशा जोड्या पुष्कळ आहेत. त्यांचा केवळ उल्लेख करतों. खाणींतून काढला तो 'माइन्ड' आणि मन म्हणजे 'माइंड'. चंद्रपूरच्या कोळशाविषयीं लिहितांना याची गांठ पडते. ऐकलें तें 'हर्ड' आणि गुरांचा कळप तोहि 'हर्ड'. घोड्यावर बसून गेला तो 'रोड' आणि डोंगा वल्हवीत गेला तोहि 'रोड'. नेतृत्व केलें तें 'लेड' आणि शिसें हा धातु तोहि 'लेड'. बंदी घातली ती 'बॅन्ड' आणि वाद्यवृंद तो 'बँड'; गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हां तेथल्या मुलांना वाद्यवृंदापेक्षां बंदीच अधिक परिचयाची! या जोड्यांत धोका थोडा, कारण एक क्रियापद तर दुसरें बहुधा नाम. वाक्यांतली जागाच त्यांना वेगळें करते. खरा धोका जेथें दोन्ही क्रियापदें आहेत तेथें आहे.

तर मग उपाय काय? इतक्या वर्षांच्या शिकविण्यांतून माझ्या हातीं आलेल्या तीन गोष्टी सांगतों. पहिली, इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वीं तें मनांत मराठींत म्हणावें आणि कर्त्याला 'नें' लागतो कीं नाहीं तें पहावें. झाड पडलें, 'नें' नाहीं, म्हणून 'फेल'. त्यानें झाड पाडलें, 'नें' आहे, म्हणून 'फेल्ड'. हा कस नेहमींच पुरा पडेल असें नाहीं, कारण पाहिलें आणि कापलें या दोहोंतहि 'नें' आहेच. परंतु पडणें-पाडणें, पडून असणें-ठेवणें, अशा जोडप्यांत तो सहसा चुकत नाहीं. दुसरी, भूतकाळाचें रूप पाठ करतांना तें एकटें पाठ करूं नये. त्याच्या जन्मदात्या वर्तमानकाळासह पाठ करावें. 'लेड' एकटा कोणाचा, तें कळत नाहीं. 'ले, लेड' असें म्हटलें कीं त्याचें घर कळतें. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, दुसऱ्याचें म्हणणें इंग्रजींत उतरविलें असेल तर तें परत मराठींत करून त्याला वाचून दाखवावें. "तूं म्हणालास कीं तूं झाड पाडलेंस, बरोबर?" एवढें विचारलें कीं तो माणूस लगेच म्हणेल, "नाहीं हो गुरुजी, पडलें." या एका प्रश्नाला अर्धें मिनिट लागतें, न विचारल्यास कधीं कधीं वर्षें लागतात.

शहरांतील सुशिक्षित घरांत इंग्रजी आज सहज वावरते. मुलें ती बोलतात, आणि चुकलीं तरी समोरचा समजून घेतो. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांच्या हातून केव्हां ना केव्हां दुसऱ्या कोणाचा अर्ज, कोणाची तक्रार, कोणाची हकीगत इंग्रजींत लिहिली जाते. घरीं कामास येणाऱ्या बाईचा, गांवाकडून आलेल्या नातलगाचा कागद आपण उपकार म्हणून भरून देतों. त्या वेळीं आपली लेखणी त्यांची जीभ असते. ज्याला तो कागद वाचतां येत नाहीं त्याला आपली चूक दाखवितां येत नाहीं; ती त्याला सोसावीच लागते. म्हणून भूतकाळाचा तो एवढासा 'ड' लिहितांना क्षणभर थांबावें आणि स्वतःला विचारावें, हें आपोआप घडलें, कीं कोणी घडविलें? पडलें, कीं पाडलें?